तांदूळ पेरून भात उगवत नाही: सॉफ्टवेअर सोर्सपासून बांधायचं कसं, आणि मुख्य म्हणजे काढायचं कसं

वेंगुर्ल्याला माझ्या भाच्याचं लग्नपत्रिका नि बॅनर छापायचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट बंद झाले आणि त्याचा दहा वर्षांचा डेस्कटॉप अडकला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. ह्या यंत्रात दोन्ही नाही, पण यंत्र मात्र धडधाकट. म्हणून तुळशीचं लग्न झाल्या झाल्या, पत्रिकांची गर्दी सुरू व्हायच्या आत, आम्ही त्यावर लिनक्स ह्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची उबुंटू २४.०४ ही आवृत्ती चढवली.

आठवडाभर बरं चाललं. मग त्याला गिंप ३ हवं झालं. गिंप म्हणजे फोटो नि चित्रं सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर. त्याची तिसरी आवृत्ती मार्च २०२५मध्ये आली. चित्रावर टाकलेली सावली किंवा छटा तिच्यात नंतरही बदलता येते, मूळ चित्राला धक्का न लावता. नवरीकडची मंडळी तीन-तीनदा रंग बदलायला लावतात, त्या धंद्यात ही मोठीच सोय. पण उबुंटू २४.०४ निघालं एप्रिल २०२४मध्ये, आणि त्याच्या भांडारातलं, म्हणजे जिथून उबुंटू तयार सॉफ्टवेअर उतरवून घेतं तिथलं, गिंप २.१० वर थांबलेलं. नेटवर शोधलं तर सल्ला मिळाला: सोर्स उतरवा, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, झालं.

रात्री साडेनऊला फोन. "मामा, ह्या मेक म्हणजे काय आसा?"

फोनवर सांगितलं ते त्याला अर्धंच कळलं. इथे सावकाश सांगतो. कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टंकायच्या खिडकीत, ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची.

## भात, गिरणी, तांदूळ

प्रोग्रॅमर जे लिहितो ते माणसाला वाचता येतं. तो सोर्स कोड. प्रोसेसरला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला फक्त आकडी सूचना समजतात. सोर्सचं त्या सूचनांत रूपांतर करणं म्हणजे कंपाइल करणं, ते करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर, आणि बाहेर पडतं ते बायनरी. मोफत कंपायलरांमध्ये सगळ्यात जुना-जाणता जीसीसी; तो १९८७ पासून मिळतो.

आता आपल्या भातगिरणीकडे बघा. सोर्स म्हणजे भात, कंपायलर म्हणजे गिरणी, बायनरी म्हणजे तांदूळ. शिजवायला तांदूळच लागतो, म्हणून बहुतेक जण सरळ दुकानातून तांदूळ आणतात, आणि त्यात गैर काही नाही. पण तांदूळ पेरून भात उगवत नाही. बायनरी चालवता येते. तिच्यात एखादा शब्द बदलायचा, एखादी चूक दुरुस्त करायची, तर भातच हातात हवा. १९८३मध्ये रिचर्ड स्टॉलमन ह्या प्रोग्रॅमरनं मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९मध्ये जीपीएल हा परवाना आला, तो ह्याच मुद्द्यावर: ज्याला तांदूळ दिला त्याला मागेल तेव्हा भातही मिळाला पाहिजे. गिंप आज ह्याच परवान्याखाली मिळतं.

आणखी एक गोष्ट गिरणीवर सहज कळते. उकडा तांदूळ हवा की सुरय, म्हणजे न उकडलेला, हे गिरणीच्या दारात ठरवून चालत नाही. उकडा हवा तर भात आधी घरी उकडायचा, खळ्यात वाळवायचा, मग भरडायला न्यायचा. सॉफ्टवेअरचंही तसंच. कुठल्या सोयी आत घालायच्या, कुठल्या वगळायच्या, तयार फाइली कुठे ठेवायच्या, हे सगळं कंपाइल करायच्या आधी ठरतं. त्या पायरीचं नाव कॉन्फिगर.

## तीन शब्दांत काय काय होतं

सुरुवातीला उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल हा एक संच घालायचा. त्यात कंपायलर आणि सोबतची अवजारं येतात. मग कॉन्फिगर तुमचं यंत्र तपासतं: कंपायलर आहे का, लागणाऱ्या लायब्ररी आहेत का, त्यांच्या आवृत्त्या पुरेशा नव्या आहेत का. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायचा तयार कोड. सगळं जुळलं की मेक प्रत्यक्ष भरडाई करतं, आणि मेक इन्स्टॉल तयार फाइली त्यांच्या त्यांच्या जागी नेऊन ठेवतं. गिंपसारखी सॉफ्टवेअरं आता कॉन्फिगरच्या जागी मेसन आणि मेकच्या जागी निंजा वापरतात. अवजारं बदलली, कामं तीच.

पहिली ठेच लागते ती लायब्ररीवर. यंत्रात लायब्ररी असते, तिच्या जोरावर दुसरे प्रोग्रॅम चालतही असतात, तरी कॉन्फिगर म्हणतं, सापडली नाही. भाच्याचं डोकं इथेच फिरलं. खानावळ उघडी आहे, आतून सुरमई तळल्याचा वास येतोय, पण बाहेर पाटी नाही, मागवणार काय? लायब्ररीत काय मिळतं आणि ते कसं मागायचं, हे सांगणाऱ्या फाइलींना हेडर म्हणतात. नुसता प्रोग्रॅम चालवायला त्या लागत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या बांधलेल्या असतात. भांडारातून येणाऱ्या अशा तयार गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात, आणि उबुंटूत हेडरच्या पॅकेजच्या नावाशेवटी 'डेव्ह' असतं. दहातल्या आठ वेळा 'सापडली नाही'वर औषध एकच, ते डेव्ह-पॅकेज घाला. एकेक घालायचा कंटाळा असेल तर एपीटी ह्या उबुंटूच्या पॅकेज आणणाऱ्या अवजाराची बिल्ड-डेप ही कमांड त्या सॉफ्टवेअरची सगळी यादी एका दमात आणते. त्यासाठी सोर्सचं भांडार आधी चालू करावं लागतं.

गिंपच्या बाबतीत पुढे आणखी एक गाठ. गिंप ३ला बाबल आणि गेगल ह्या दोन लायब्ररी नव्या लागतात, आणि २४.०४मधल्या त्या मानानं जुन्या. म्हणजे आधी बाबल बांधा, मग गेगल, मग गिंप. भाच्यानं बाबल बांधली, जागेवर ठेवली, गेगलला हात घातला, तर गेगल म्हणतं बाबल जुनी आहे. "आत्ताच केलंय मरे!" बरोबर होतं त्याचं. पण बिल्ड-डेपनं उबुंटूची जुनी बाबलही आणून ठेवली होती, आणि गेगलनं नेहमीच्या फडताळात बघून तीच उचलली. नवी कुठे ठेवली आहे, हे पीकेजी-कॉन्फिग नावाच्या वाटाड्याला सांगावं लागतं. एक ओळ टंकली आणि गाडी पुढे गेली.

## मध्येच वीज गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न पहिला यायला हवा. उत्तर दिलासा देणारं आहे: जिथे थांबलं तिथून पुढे. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो, हजारो सोर्स-फाइली असतात आणि प्रत्येकीची एक तयार फाइल बनते. मेक प्रत्येक जोडीची वेळ ताडून बघतं. तयार फाइल सोर्सपेक्षा नवी असेल तर तिला हात लावत नाही. जुनी असेल किंवा नसेलच, तर तेवढीच बनवतं. बेल लॅब्समधल्या स्टुअर्ट फेल्डमननं हे १९७६मध्ये केलं. त्याच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ एक चूक शोधण्यात गेली होती. चूक त्यानं आधीच दुरुस्त केली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती.

फार वर्षांपूर्वी माझ्याही डेस्कटॉपनं मला असंच छळलं. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२. यंत्र बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. माझी ती मेलेली होती. खाऱ्या हवेत यूपीएसनंही केव्हाच मान टाकलेली. वीज जाऊन आली की यंत्र थेट काही वर्षं मागे, एक जानेवारीला जाऊन बसायचं. मग मेक लावलं की ओळ यायची: 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड', म्हणजे घड्याळात घोळ आहे, बांधणी अपुरी राहू शकते. कालच्या फाइली त्याच्या लेखी भविष्यातून आलेल्या; कुठली नवी, कुठली जुनी, त्याला पत्ता लागेना. कधी सगळं पुन्हा भरडायचं, कधी बदललेली फाइलही सोडून द्यायचं. दोन रविवार मी कोडमध्ये चूक शोधत होतो. शेवटी चाळीसेक रुपयांची बॅटरी बदलली.

एक सावधगिरी रॅमची. मेकला एका वेळी किती फाइली भरडायच्या ते 'जे' ह्या खुणेनं सांगता येतं, आणि निंजा तर न सांगताच प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लावतो. ४ जीबी रॅमवर त्यानं कधी कधी दम लागतो, आणि पडद्यावर नुसतंच 'किल्ड' येतं. ती कोडची चूक नव्हे. रॅम संपली म्हणून लिनक्सनंच ते काम मारलं. जेचा आकडा एक-दोनवर आणा आणि पुन्हा लावा.

## खरी अडचण इथून सुरू होते

इतकं जमलं की लोक सुटकेचा श्वास सोडतात. पण बांधणं जमलं नाही तर फारसं बिघडत नाही, फोल्डर पुसला की संपलं. बिघडतं ते मेक इन्स्टॉलनं, आणि तेही यशस्वी झाल्यावर.

घरी पूजा असली, लग्न असलं की शेजारपाजारची पातेली, परात, घमेली येतात. म्हणून तर आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. जेवणावळ उठली की नाव बघून ज्याचं त्याला परत. लिनक्समध्ये हे काम पॅकेज मॅनेजर करतो. उबुंटूत एपीटीच्या खाली डीपीकेजी असतं. कुठल्या पॅकेजनं कुठली फाइल कुठे ठेवली, त्याची यादी त्याच्याकडे लिहिलेली. पॅकेजमधून आलेली कुठलीही फाइल दाखवा, ती कुणाची ते सांगेल. पॅकेज काढा म्हणा, यादी बघून सगळं उचलेल.

मेक इन्स्टॉल असली कुठलीच यादी डीपीकेजीला देत नाही. ते शंभर भांडी आणतं, बिननावाची, आणि तुमच्या फडताळात तुमच्याच भांड्यांत मिसळून ठेवतं. वर हे सगळं सुडो लावून, म्हणजे घरमालकाच्या अधिकारात.

म्हणून एक जुना संकेत आहे. /यूएसआर ही जागा पॅकेज मॅनेजरची, तिथे आपण हात घालायचा नाही. /यूएसआर/लोकल ही जागा घरमालकाची. सांगितलं नाही तर बहुतेक सॉफ्टवेअर तिथेच जातं. मी एकदा शहाणपणा करून एका लायब्ररीला /यूएसआर अशी जागा दिली. उबुंटूच्या फाइलींवर माझ्या फाइली लिहिल्या गेल्या, आणि काहीच झालं नाही. काहीच झालं नाही हीच गंमत. पंधरा दिवसांनी नेहमीचा अपडेट आला, डीपीकेजीनं त्याच्या हिशेबाच्या फाइली परत ठेवल्या, माझ्या काही तशाच राहिल्या. एकाच लायब्ररीचे अर्धे अवयव माझे, अर्धे त्याचे. दुसऱ्या दिवशी लॉगिनचा पडदाच येईना. यंत्र पुसून सगळं नव्यानं घातलं, कारण माझ्या फाइली कुठल्या होत्या ते मलाही आठवत नव्हतं.

/यूएसआर/लोकलमध्येही विसरभोळेपणा चालत नाही. उबुंटूत तिथली लायब्ररी मूळ लायब्ररीच्या आधी शोधली जाते. तीन वर्षांपूर्वी ठेवून विसरलेली एखादी फाइल आज भलत्याच प्रोग्रॅमच्या पायात येऊ शकते.

## काढायची सोय घालायच्या आधी

'मेक अनइन्स्टॉल' असतं की, असं कोणी म्हणेल. काही सॉफ्टवेअरांत असतं, काहींत नसतं. असलं तरी ज्या फोल्डरात बांधणी केली तो जपून ठेवलेला असेल तरच त्याचा भरवसा, आणि तो फोल्डर आपण जागा अडते म्हणून पहिल्यांदा पुसतो.

माझ्या मते नवख्यानं एकच रीत धरावी: प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र खोली. कॉन्फिगर करतानाच 'प्रीफिक्स' म्हणून एक जागा देता येते. भाच्याच्या यंत्रात त्याच्या होम फोल्डरात 'गिंप-तीन' असा फोल्डर केला आणि बाबल, गेगल, गिंप तिघांनाही तोच प्रीफिक्स दिला. जागा आपलीच, त्यामुळे घालताना सुडोची गरजच पडली नाही. काढायचं तर फोल्डर पुसला की झालं, उबुंटूचं २.१० आपल्या जागी सुखरूप. ह्या रीतीत एक कटकट असते. गिंपच्या लायब्ररी नि त्याचं मेनूतलं चिन्ह त्या खोलीत आहे, हे यंत्राला सांगावं लागतं. दोन-तीन ओळींची छोटी फाइल लिहिली की ते एकदाच होतं.

ज्याला /यूएसआर/लोकलच हवं त्यानं स्टो नावाचं अवजार वापरावं. ते प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या फोल्डरात ठेवतं आणि /यूएसआर/लोकलमध्ये फक्त खुणेच्या दोऱ्या सोडतं; काढायचं तर दोऱ्या ओढून घेतं. आणि सगळ्यात नेटकं म्हणजे आपणच डेब-पॅकेज, म्हणजे डीपीकेजीला समजणारं पॅकेज, बनवायचं, भांड्यावर नाव घालून मगच फडताळात ठेवायचं. चेकइन्स्टॉल नावाचं अवजार मेक इन्स्टॉलवर नजर ठेवून तसं पॅकेज बनवतं. दर वेळी जमतंच असं नाही.

रीत कुठलीही घ्या, आधी रंगीत तालीम करा. 'डेस्टडिर' म्हणून एक रिकामा फोल्डर दिला की इन्स्टॉलची पायरी त्यालाच सगळं यंत्र समजते आणि फाइली तिथे मांडते. काय काय, कुठे कुठे जाणार, ते उघड्या डोळ्यांनी बघता येतं. पाच मिनिटांचं काम. मला हे वेळीच कोणी सांगितलं असतं तर ते यंत्र पुसावं लागलं नसतं.

तुसाबद्दलही एक, म्हणजे बांधताना निघणाऱ्या मधल्या फाइलींबद्दल. सोर्सच्या फोल्डरात बांधणी न करता शेजारी वेगळा फोल्डर करून त्यात करा. मेसन तर तसाच आग्रह धरतं. तूस नि कोंडा गिरणीतच राहतो, भाताचं पोतं स्वच्छ.

## एवढा खटाटोप कशाला? फ्लॅटपॅक आहे ना

आहे, आणि नुसतं गिंप ३ हवं असेल तर मी तेच सांगेन. फ्लॅटपॅक, स्नॅप आणि अ‍ॅपइमेज ह्या तीन रीतींत सॉफ्टवेअर आपल्या बहुतेक लायब्ररी सोबत घेऊनच येतं, उबुंटू जुनं असो की नवं. डबा घरचा, खानावळीशी संबंध नाही. डबा जड असतो, एवढंच. दुकानातल्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर तो उतरवायला वेळ लागतो.

मग सोर्सकडे कोणी वळावं? ज्याला काही बदलायचं आहे त्यानं. मराठीचंच बघा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी भाषांतर असतं त्याच्या सोर्समध्ये बहुधा एमआर डॉट पीओ नावाची साधी मजकुराची फाइल असते. मेनूत कुठे तरी विचित्र मराठी शब्द दिसला तर ती फाइल उघडून तो बदलता येतो, बांधून बघता येतो, आणि बरा वाटला तर मूळ प्रकल्पाकडे पाठवता येतो. त्याला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, मराठी यावं लागतं. कालच दुरुस्त झालेली एखादी चूक ज्याला आजच हवी आहे, किंवा ज्याच्या यंत्रासाठी तयार बायनरी कोणी काढतच नाही, त्यालाही दुसरा रस्ता नाही.

'स्वतः कंपाइल केलं की सॉफ्टवेअर जोरात पळतं' हे मात्र मनातून काढा. रोजच्या वापरात तो फरक जाणवत नाही.

आणि एक जबाबदारी अंगावर येते ती ओळखून असा. बाहेरून आलेली खराब फोटो-फाइल उघडताना घोटाळा करणाऱ्या चुका अशा सॉफ्टवेअरांत सापडत असतात, नव्या आवृत्तीत त्या बुजवल्या जातात. पॅकेजमधून घातलेल्याला अपडेट आपोआप येतो. तुम्ही बांधलेल्याला येणार नाही. गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला प्रत्येक फोटो तुमच्या जुन्या बांधणीतच उघडत राहील.

## सोर्स उघडा आहे, म्हणजे भरवशाचा?

मार्च २०२४मध्ये ह्या समजुतीला चांगलाच हादरा बसला. एक्सझेड नावाचं फाइल आवळायचं साधन बहुतेक सगळ्या लिनक्समध्ये असतं. दोन-अडीच वर्षं गोड वागून, मदत करून विश्वास मिळवलेल्या एका सहभागी व्यक्तीनं त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत चोरदार बसवलं. ते कुठे बसवलं ते बघण्यासारखं आहे. चाचणीसाठीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींत खरा माल दडवला, आणि तो बाहेर काढणारी कळ कॉन्फिगरच्या पायरीत ठेवली. ती कळ सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्स-भांडारात नव्हतीच, फक्त उतरवायच्या गठ्ठ्यात होती. शेतात गेलात तर पीक स्वच्छ, पोत्यात मात्र भेसळ, आणि ती जागी होणार गिरणीत.

सापडलं ते योगायोगानं. अँड्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला दूरच्या यंत्रात लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. त्यानं तो अर्धा सेकंद सोडला नाही, आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. उबुंटू ज्यावर बेतलेलं आहे त्या डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तोवर ते पोचलं नव्हतं. ताज्या मालामागे धावणाऱ्या आवृत्त्यांत पोचलं होतं. भांडारातलं सॉफ्टवेअर जुनं म्हणून कुरकुरताना मला हे आठवतं.

तेव्हा सोर्स प्रकल्पाच्या अधिकृत जागेवरूनच घ्या, आणि सोबत दिलेला एसएचए-२५६चा आकडा, म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसाच, जुळवून बघा. तो जुळला म्हणजे पोतं वाटेत कोणी उसवलं नाही इतकंच कळतं. पोतं भरणारा कसा होता ते त्यावरून कळत नाही. आणि बांधणी करताना सुडो कधीच नको.

## "आता काढून दाखव"

भाच्याचं गिंप संध्याकाळी लावलेलं, जेवणं उरकेपर्यंत झालं. निंजा कंसात किती पैकी किती ते दाखवत जातो; त्याची आई मधून मधून येऊन आकडा विचारून जायची. गिंप ३ उघडलं, पत्रिकेच्या गणपतीमागची सावली त्यानं दोनदा बदलून पाहिली, खूश झाला.

मी म्हटलं, आता काढून दाखव.

"आत्ताच घातलंय, काढू कशाक?"

पण काढलं त्यानं. फोल्डर पुसला, २.१० उघडून बघितलं, ते पूर्वीसारखं उघडलं. सेटिंग्जचा गिंपचा फोल्डर होममध्ये वेगळा राहतो, त्यात २.१० आणि ३.० असे दोन कप्पे आहेत, तेही दाखवलं. मग बांधणीच्या फोल्डरांत जाऊन बाबल, गेगल, गिंप तिघांची फक्त इन्स्टॉलची पायरी पुन्हा चालवली. भरडाई झालेलीच होती, काही क्षणांत गिंप ३ परत हजर.

ऑर्डरच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं लिहून ठेवलं: गिंप ३, तारीख, कुठला फोल्डर, कुठली डेव्ह-पॅकेजं आणली. खाली पीकेजी-कॉन्फिगची ती ओळ, तिच्याभोवती लाल चौकट. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक उभादांडा गावचं, पत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.'चा रंग बदलून हवा होता.